ख्रिस्ती महाविद्यालयात उपासना सक्तीची असते का?

प्रश्न: मुलीला मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये प्रवेश मिळाला आहे. आमचे घर वारकरी; तेथील प्रार्थनेला हजर राहणे तिला बंधनकारक असेल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर: नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार, शासनमान्य वा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कोणावरही स्वतःच्या, आणि वय अठराच्या आत असल्यास पालकांच्या, संमतीवाचून उपासनेची सक्ती करता येत नाही. ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

उत्तर: ही संस्था १८६९ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या धर्मगुरूंनी स्थापन केली, ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामुदायिक उपासना, पाहावीशी वाटल्यास तिने मागच्या बाकावर जरूर शांत बसावे. मात्र कम्युनियन, म्हणजे मिस्सेत रांगेने जाऊन पवित्र भाकर घेण्याचा विधी, कॅथलिकांसाठीच असल्याने त्या रांगेत जाऊ नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जायचे की नाही, हे तीच ठरवील.