आखातातलं युद्ध बोलून टळेल का?

चिंचपोकळीकर (धागाकर्ता)

पुतण्या टँकरवर थर्ड इंजिनिअर आहे. जहाज यूएईच्या फुजैरा बंदराबाहेर नांगरून पडलंय, पुढे होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आखातात आत जायचंय. कंपनीने सगळ्यांना एक कागद दिलाय. धोक्याच्या पट्ट्यात यायला तयार असाल तर बेसिकइतका बोनस, नसाल तर उतरवून घरी पाठवू. काल रात्री त्याचा फोन आला. "काका, होईल का हो परत युद्ध?" वहिनी शेजारीच बसली होती, त्यामुळे "छे रे" म्हटलं आणि विषय बदलला.

पण मला खरंच वाटतं की हे टळू शकतं, आणि ते बोलण्यानेच. 2015 चा व्हिएन्नाचा, इराणच्या अणुकार्यक्रमाचा करार आठवा. इराणने 3.67 टक्क्यांच्या वर युरेनियम शुद्ध करायचं नाही, साठा 300 किलोच्या आत ठेवायचा, निरीक्षकांना आत येऊ द्यायचं. इराणने ते पाळलं. निरीक्षकांचे अहवाल तसंच सांगत होते. मे 2018 मध्ये ट्रम्पनी करार सोडला आणि 2021 मध्ये तेच युरेनियम 60 टक्क्यांवर गेलं. आता सांगा, बॉम्ब कोणी रोखला होता, विमानांनी की कागदाने?

खडूस_परळकर

काका, तीन वर्षांत फाटलेल्या कागदाला तुम्ही यश म्हणताय. आमच्या चाळीच्या गच्चीचं डांबर याहून जास्त टिकतं.

जून 2025 चंच घ्या. अमेरिका-इराण बोलण्यांच्या पाच फेऱ्या झालेल्या, सहावी 15 तारखेला मस्कतला ठरलेली. 13 तारखेला पहाटे इस्रायलची विमानं आली. 22 ला खुद्द अमेरिकेने फोर्दो, नतांझ, इस्फहान इथल्या इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. म्हणजे जो टेबलावर बसला होता, त्यानेच. 24 ला शस्त्रसंधी झाली ती दोघांनी एकमेकांची ताकद अजमावल्यावर.

आणि जुनं हवं असेल तर 9 जानेवारी 1991, जिनिव्हा. कुवेतवरून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर आणि इराकचे तारिक अझीझ सहा तासांहून जास्त बसले. बुशसाहेबांचं सद्दामला लिहिलेलं पत्र अझीझनी वाचलं आणि तसंच टेबलावर सोडून उठले. 17 ला बगदादवर बॉम्ब. ज्याने लढायचं ठरवलंय त्याला बोलणी म्हणजे तयारी होईपर्यंतचा टाइमपास असतो.

चिंचपोकळीकर

परळकर, जिनिव्हा मान्य. तिथे दोघांनाही माघार घ्यायला जागाच उरली नव्हती. जागा ठेवली की काय होतं ते 1962 मध्ये क्युबात दिसलं. केनेडींनी तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काढायचं कबूल केलं, पण गुपचूप. रशियाने क्युबातली आपली उघडपणे काढली. एकाची अब्रू राहिली, दुसऱ्याचं काम झालं.

आता माझं सांगतो. 1987 साली मी 23 वर्षांचा, फिफ्थ इंजिनिअर, आखातात क्रूड भरायला जाणाऱ्या जहाजावर. इराण-इराकच्या लढाईचं सातवं वर्ष. रात्री सगळे दिवे बंद, पोर्टहोलना आतून पुठ्ठे. क्षेपणास्त्र आलं तर मागच्या बाजूलाच येणार, म्हणजे इंजिनरूम आणि आमच्या केबिन, असं जहाजावर सगळेच म्हणायचे. म्हणून आम्ही गाद्या काढून पॅसेजमध्ये झोपायचो, लाइफजॅकेट उशाला. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, रत्नागिरीचा होता. तो झोपताना जहाजाच्या भिंतीला हात लावून झोपायचा. का, ते त्याने कधी सांगितलं नाही.

त्याच वर्षी 20 जुलैला सुरक्षा परिषदेचा 598 क्रमांकाचा ठराव आला, युद्ध थांबवा म्हणून. इराणने तो मान्य केला जुलै 1988 मध्ये. मधे एक वर्ष गेलं. 3 जुलै 1988 ला अमेरिकन युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, 290 माणसं. ठराव शब्दाने बदलला नव्हता. वर्षभर तोच कागद तिथे पडून होता.

खडूस_परळकर

मग हे माझंच म्हणणं झालं की! इराण थकला, आघाडीवर मार बसला, तेव्हा सही केली. कागद आधीपासून होता, त्याने काय फरक पडला?

चिंचपोकळीकर

थकल्यावर सही करायला काहीतरी समोर असावं लागतं. नाहीतर थकलेले लोकही लढतच राहतात.

मुलुंडची_शिल्पा

तुम्ही दोघे युद्ध टळलं की नाही टळलं एवढ्यावरच अडलाय. माझे बाबा 1990 मध्ये कुवेतला अकाउंटंट होते. 2 ऑगस्टला इराकी सैन्य घुसलं. त्या महिन्यात आपले परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले आणि सद्दामने त्यांना मिठी मारली. तो फोटो छापून आल्यावर त्यांच्यावर काय काय टीका झाली! युद्ध काही टळलं नाही. पण त्या मिठीमुळे म्हणा किंवा आणखी कशामुळे, आपल्या माणसांना इराकमधून जॉर्डनला जाऊ दिलं. अम्मानहून एअर इंडियाच्या 488 फेऱ्या झाल्या, सुमारे 1 लाख 70 हजार माणसं आली.

बाबा सहारला उतरले तेव्हा हातात एक एअरबॅग आणि थर्मास. खिशात कुवेती दिनार, जे कोणी बदलून देईना. आई ते दिनार बरीच वर्षं कपाटात ठेवून होती. आमच्या घरी मुत्सद्देगिरी या शब्दाचा अर्थ तो थर्मास आहे. परळकर, याला तुम्ही टाइमपास म्हणाल का?

खडूस_परळकर

नाही म्हणणार. पण ती माणसं सोडवणं झालं, लढाई थांबवणं नाही.

पेशवाईप्रेमी

आपल्याकडची दोन उदाहरणं राहिली. 1665 ला पुरंदरचा तह, महाराजांनी 23 किल्ले दिले. पाच वर्षांत एकेक परत घ्यायला सुरुवात. तेव्हा "टाइमपास" म्हणून बोलण्यांना हिणवू नका, पुढे ढकलण्यातच स्वराज्य वाचलं. दुसरं पानिपत. शुजाउद्दौला मध्यस्थी करत होता, अब्दालीही तहाला अगदीच नाही म्हणत नव्हता. नजीबखानाने होऊ दिलं नाही. दोघांचं जमत आलं की तिसऱ्याचं पोट दुखतं. मस्कतच्या गोष्टीत नजीब कोण, ते ज्याचं त्याने ठरवावं.

(कृष्णशिष्टाई कोणी काढली नाही म्हणून आभार. ती काढली की पुढे शंभर प्रतिसाद होतात.)

दादर_वेस्ट

आमच्या गल्लीतला वडापाववाला या धाग्यातल्या सगळ्यांपेक्षा आधी सावध झाला. काल कमर्शियल सिलिंडर आणखी एक जादा सांगून ठेवला. म्हणे, "आखातात फटाका वाजला की माझ्या कढईखालचं पहिलं विझतं." होर्मुझ कुठे आहे ते त्याला नकाशात दाखवता येणार नाही.

खडूस_परळकर

पेशवाईप्रेमी, पुरंदरनंतर महाराज स्वतःच्या हिमतीवर उठले, करारावर विसंबून राहिले नाहीत. असो. काका, पुतण्याचं काय ठरलं? वाद राहू दे, खरंच विचारतोय.

चिंचपोकळीकर

त्याने सही केली. डोंबिवलीच्या फ्लॅटचे अजून अकरा वर्षांचे हप्ते आहेत, म्हणाला. उद्या पहाटे नांगर उचलणार. पॅसेजमध्ये गादी टाकून झोप, एवढंच मी सांगितलं, तर हसला. हल्ली केबिनमध्ये वायफाय असतं म्हणे, बाहेर रेंज येत नाही.

वहिनीला अजून सांगितलेलं नाही.