ल्युपसमध्ये पेशींचे मरण थांबवणारे औषध का देत नाहीत?

नेरुळकर_पूर्व:
माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार आहे. उन्हामुळे त्वचेतील पेशी मरतात आणि आजार भडकतो, म्हणून ऊन टाळा, असे तिच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. दुसरीकडे, माझ्या सासऱ्यांना सीएलएल हा रक्ताचा कर्करोग असून त्यांच्या पेशी मरतच नाहीत, म्हणून त्यांना व्हेनेटोक्लॅक्स सुरू केले आहे: पहिल्या आठवड्यात २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००, आणि मात्रा वाढवली की दरवेळी रक्ततपासणी. एकाला पेशी मारणारी गोळी मिळते, तर दुसरीला पेशी जगवणारी का मिळू नये?

खारघर_टेकडी:
आपल्या सूचनेतील अडचण अशी की, जगवाव्यात अशाच पेशी जगतील याची खात्री नसते. शरीर स्वतःवर उलटू शकणाऱ्या लिम्फोसाइट पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ठरवून मरायला लावते. छातीतील थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी-पेशींपैकी (हाही लिम्फोसाइटचाच प्रकार) बहुसंख्य तेथेच मरतात. पुढे, काम संपलेल्या पेशी आवरण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर फास नावाचे प्रथिन असते. त्याला जोडीचा रेणू चिकटला की आत कॅस्पेज-८ हे विकर जागे होते आणि पेशी स्वतःला मोडू लागते. ज्या मुलांच्या फास जनुकात दोष असतो, त्यांच्या लिम्फोसाइट पेशी वेळेवर मरत नाहीत. त्यांच्या लसिका गाठी व प्लीहा वाढतात, स्वतःच्याच तांबड्या पेशींवर आणि प्लेटलेट्सवर हल्ला होतो, शिवाय लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइटच्या कर्करोगाचा, धोकाही वाढतो. थोडक्यात, आपण सुचवलेले औषध निसर्गाने या मुलांवर वापरून पाहिलेले आहे, आणि त्यातून स्वप्रतिरोधक आजारच निर्माण झाला.

ल्युपसमध्ये मुख्य गोंधळ मेलेल्या पेशींच्या विल्हेवाटीत असतो. अपॉप्टोसिसने, म्हणजे ठरवून व शांतपणे, मरणारी पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेदरेणू आतून बाहेरच्या पृष्ठभागावर आणते, आणि तो दिसताच मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी तिला गिळतात. या कामाला रक्तातील सी-१-क्यू हे प्रथिन मदत करते. ज्यांच्यात ते जन्मतःच नसते, अशा बहुतेकांना ल्युपससारखा आजार होतो. अर्थात, प्रत्येक रुग्णात कारण हेच असते असे नव्हे. पेशी वेळेत उचलली गेली नाही, की तिचे आवरण फुटून डीएनए बाहेर येतो आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेत अशा पेशींची संख्या एकदम वाढते. ती किरणे ढगांतूनही येतात, तेव्हा पावसाळ्यातही बहिणीने सनस्क्रीन सोडू नये.

कळवा_खाडी:
सासऱ्यांच्या गोळीबद्दल थोडे. बीसीएल-२ हे प्रथिन मायटोकाँड्रियावर, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रांवर, बसून मरणाचा संदेश अडवते, आणि सीएलएलच्या पेशींमध्ये ते भरपूर असते. कर्करोगात केवळ पेशींची वाढ बेसुमार होते असे नाही, मरण टळल्यानेही पेशी साचत जातात, हे मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेतील १९८८च्या बीसीएल-२वरील कामातून पुढे आले. व्हेनेटोक्लॅक्स नेमके हेच प्रथिन निकामी करते. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

मात्रा हळूहळू वाढवण्याचे कारणही विल्हेवाटीचेच आहे. असंख्य पेशी एकदम मेल्या, तर त्यांतील पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात उतरते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि हृदयाची लयही बिघडू शकते. म्हणून बरे वाटत असले तरी रक्ततपासणी चुकवू नये, आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तितके पाणी त्यांनी प्यावेच.

घोडबंदर_वाचक:
वरील उत्तरे पटली, पण पेशीचे फुटणे नेहमी वाईटच, असा समज त्यातून होऊ नये. जंतू पेशीत शिरला, की गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते. पेशी फुटते, जंतूचा आसरा जातो आणि बाहेर पडलेल्या संदेशांमुळे इतर संरक्षक पेशी धावून येतात. शांतपणे मरण्यात ही सोय नाही.

कर्करोगावरही मरणाचा हा आदेश बाहेरून देता येतो. मारक टी-पेशी परफोरिन या छिद्र पाडणाऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने शत्रुपेशीत ग्रँझाइम ही विकरे सोडतात आणि आतील कॅस्पेज सुरू करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचारातील (यात रुग्णाच्याच टी-पेशी कर्करोग ओळखण्यासाठी बदलून परत देतात) पेशींची भिस्त बऱ्याच अंशी याच मार्गावर असते. हा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आला असून त्याच्या चाचण्यांमध्ये खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्राचा वाटा होता. मात्र कर्करोगपेशीने कॅस्पेजचा हा मार्गच बंद करून घेतला असेल, तर टी-पेशीचेही काम अवघड होते.