भारत-जपान मैत्री इतकी घट्ट, मग व्यापार इतका तोकडा का?

दर्यावर्दी:
जपानशी आपला सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी करार ऑगस्ट २०११ मध्ये अमलात आला. त्यानंतर राजकीय आघाडीवर बरेच काही घडले. २०१७ मध्ये नागरी अणुकरार लागू झाला, २०१९ पासून दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री आणि संरक्षणमंत्री एकत्रित बैठका घेऊ लागले आणि 'क्वाड'मध्ये (भारत, जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या गटात) तर दोघे सोबत आहेतच. तरीही २०२३-२४ मध्ये उभय देशांतील मालाचा व्यापार सुमारे २३ अब्ज डॉलरच होता आणि त्यात आपली निर्यात जेमतेम ५ अब्ज डॉलर. ज्या चीनशी सीमेवर तणाव आहे, त्याच्याशी त्याच वर्षी सुमारे ११८ अब्ज डॉलरचा व्यापार झाला. दोष कराराचा आहे, आपल्या उद्योगांचा आहे, की माझी अपेक्षाच अवाजवी आहे?

सह्यकडा:
अपेक्षा अवाजवी नाही, पण मोजपट्टी अपुरी आहे. चीनमधून आपल्याकडे प्रामुख्याने तयार माल आणि सुटे भाग येतात; जपानमधून मात्र कारखाना आणि कर्ज येते, आणि या दोन्ही गोष्टी आयात-निर्यातीच्या आकड्यांत पुरत्या उमटत नाहीत. सुझुकीने १९८२ मध्ये भारत सरकारशी भागीदारीचा करार केला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. सुटे भाग हळूहळू इथेच तयार होऊ लागल्यामुळे, गुरुग्राममध्ये बनून नागपुरात विकली जाणारी गाडी हा आज हिशेबाच्या दृष्टीने देशांतर्गत व्यवहार आहे. आता तर प्रवाह थोडा उलटाही वाहू लागला आहे: २०२४ मध्ये गुजरातेत तयार झालेली मारुतीची फ्रॉन्क्स ही गाडी जपानला रवाना झाली.

कर्जाचेही तसेच. दिल्ली मेट्रो, मुंबईची भुयारी मेट्रो ३ आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू हे जपानी कर्जाच्या आधाराने उभे राहिलेले प्रकल्प आहेत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी तर ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची मुदत आणि पहिली १५ वर्षे मुद्दलाच्या परतफेडीतून सूट अशा अटी ठरल्या.

पानगळ:
सह्यकडा यांचे म्हणणे मान्य केले, तरी निर्यातीचे दुखणे उरतेच. सीमाशुल्क उतरले म्हणून जपानची बाजारपेठ आपोआप उघडत नाही, हे औषधांच्या उदाहरणावरून दिसते. मुंबईच्या ल्युपिनने २००७ मध्ये क्योवा ही जपानी जेनेरिक कंपनी विकत घेतली आणि २०१९ मध्ये ती विकून टाकली. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचे दर सरकार ठरवते आणि ते वेळोवेळी खाली आणते. दर्जाच्या कसोट्या कडक आहेत. स्वस्त औषध ही आपली जमेची बाजू असली, तरी दर सतत उतरत्या बाजारात ती फार काळ पुरत नाही.

उंबरठा:
राजकीय जवळीक आपण गृहीत धरतो आहोत, असे मला वाटते. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर याच जपानने आपल्याला नवी कर्जे देणे थांबवले होते आणि ते निर्बंध ऑक्टोबर २००१ मध्ये उठले. पुढे चीनची ताकद वाढत गेली तसे दोन्ही देश जवळ आले. म्हणजे या मैत्रीचा पाया मुळात सुरक्षेचा आहे. व्यापारनीतीत दोघांच्या वाटा वेगळ्याच राहिल्या. 'आरसेप' या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार करारात भारताने असावे यासाठी जपान आग्रही होता, तर स्वस्त चिनी मालाच्या भीतीने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण त्यातून बाहेर पडलो.

दर्यावर्दी:
सर्वांचे आभार. एक उपप्रश्न: ०.१ टक्का व्याज ऐकायला छान वाटते, पण येन वधारला तर हे कर्ज महाग पडणार नाही का?

सह्यकडा:
पडू शकते. कर्ज येनमध्ये फेडायचे असल्यामुळे विनिमय दराची जोखीम कर्जदाराकडे राहते. अलीकडच्या काळात येन कमजोर राहिल्याने ती फारशी जाणवली नाही, एवढेच. परतफेड मात्र कित्येक दशके चालणार आहे, तेव्हा कर्जाची खरी किंमत केवळ व्याजदरावरून काढता येणार नाही.