लॉगिन झाल्यावर पीसी अडकतोय, माऊस तेवढा हलतोय

खानापूर_टायपिंग
नमस्कार. दुकानातला एक पीसी पासवर्ड टाकला की अडकतोय. टास्कबार दिसतो, माऊस हलतो, पण कशावरही क्लिक केलं की नुसतं गोल फिरत बसतंय. कॅबिनेटवरचा लाल लाइट अखंड पेटलेला. कधी पाच-सात मिनिटांनी सुटतो, कधी बटण दाबून बंदच करावा लागतो. कोर आय३ चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क, विंडोज १०. कन्नड आणि मराठी, दोन्हीकडची टायपिंग सॉफ्टवेअरं आहेत. उताऱ्यांची कामं खोळंबल्यात. फॉरमॅट मारू काय?

निपाणीकर
मारून टाका. व्हायरस असणार.

उद्यमबाग_हार्डवेअर
थांबा अण्णा, फॉरमॅट शेवटी. डिस्क जात असेल तर डेटाही जाईल आणि दुखणं तसंच राहील.

पीसी अडकलेला असताना कॅप्सलॉक दाबा. कीबोर्डवरचा लाइट चालू-बंद झाला तर विंडोज जिवंत आहे, कशाची तरी वाट बघतंय. लाइट बदलत नाही आणि माऊसही गोठलाय, तर रॅम, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) नाहीतर ड्रायव्हर. तुमचा माऊस हलतोय आणि डिस्कच्या कामाचा लाल लाइट विझत नाही, म्हणजे माझा संशय डिस्कवर.

लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबा. सेफ मोड येईल, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टी घेऊन सुरू होईल. आधी कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर काढा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे आकडे इथं टाका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोज आपल्या चुका जिथं लिहून ठेवतं) सिस्टमच्या लॉगला ७, १२९ किंवा १५३ नंबरच्या नोंदी आहेत का तेही बघा.

फाइली निघेपर्यंत चेकडिस्क स्लॅश आर चालवू नका. ते सगळी डिस्क सेक्टर-सेक्टर वाचतं. डिस्क आधीच मरायला टेकली असेल तर त्यातच बसते.

खानापूर_टायपिंग
कॅप्सलॉकचा लाइट बदलतोय. सेफ मोडमध्ये चालतोय, तोही मधे मधे अडकत. ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य. सी७ ला ३ई२. १२९ च्या नोंदी ओळीनं आहेत. पण वर निळ्या चौकटीत ‘गुड’ दाखवतंय की!

उद्यमबाग_हार्डवेअर
त्या ‘गुड’वर जाऊ नका, ते ठरवताना सी७ धरत नाहीत. ३ई२ हा हेक्समधला (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीचा) आकडा, म्हणजे ९९४. डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये डेटा तितक्या वेळा बिघडला आणि परत पाठवावा लागला. १२९ म्हणजे डिस्ककडून उत्तर येईना म्हणून विंडोजनं तिला रीसेट मारला. ०५ आणि सी५ शून्य आहेत, तेव्हा तबकडीवर खराब सेक्टरची नोंद नाही. डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बघा. खानापूरच्या पावसात दुकानात चार महिने ओल असते, पिना काळ्या पडतात.

प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. डिस्कच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा, वाळू द्या. लोखंडी क्लिपची नवी केबल घ्या, बोर्डावर दुसऱ्या पोर्टला लावा. एसएमपीएसचा कनेक्टरही दुसरा वापरा. सी७ चा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो बघून घाबरू नका. दिवसभर काम करून ३ई२ वरच थांबला की समजा, दुखणं केबलचंच होतं.

कंग्राळी_डीटीपी
केबल बदलूनही अडकला तर टायपिंगकडं बघा. ही सॉफ्टवेअरं लॉगिन होताच कीबोर्ड आपल्या ताब्यात घेतात. दोन एकदम सुरू झाली की भांडतात. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, स्टार्टअप, दोन्ही डिसेबल. लागेल ते हातानं उघडा.

आणखी एक, झेरॉक्सच्या दुकानात हे हमखास असतं: दुसऱ्या पीसीवरचं स्कॅनचं फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडलेलं. तो पीसी बंद असला की एक्सप्लोरर त्याचीच वाट बघत बसतो. ड्राइव्ह डिसकनेक्ट करा आणि डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवा.

खानापूर_टायपिंग
केबल बदलली, पोर्टही. संध्याकाळपर्यंत ३ई२ च आहे, १२९ ची नवी नोंद नाही. अडकायचं थांबलं. पण लॉगिननंतर दोन मिनिटं तरी डिस्क खडखडत असते.

उद्यमबाग_हार्डवेअर
ते साध्या हार्डडिस्कचं दुखणं. विंडोज १० तिच्यावर असंच चालतं. २४० जीबीची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) घाला, सी ड्राइव्हवर १५० जीबीपर्यंत भरलं असेल तर क्लोन करा, म्हणजे सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवा, जास्त असेल तर आधी फाइली हलवा. एक मात्र आहे: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे या पीसीवर एसएसडीपलीकडं खर्च करू नका, आणि बँकेची कामं दुसऱ्या पीसीवर ठेवा. जुनी केबल कापून टाका, नाहीतर ड्रॉवरमधून काढून कोणीतरी परत लावतंच.