उबंटूवर ऑर्का : एनव्हीडीएची सवय असलेल्याने सुरुवात कुठून करावी?

नवी_रुजू

नमस्कार. मी पूर्णतः अंध असून गेल्या महिन्यात एका तालुका न्यायालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले. माझे सगळे शिक्षण विंडोज आणि एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) झाले, त्यामुळे पहिल्या दिवशी मी एनव्हीडीएची प्रत पेन ड्राइव्हवर घालून नेली होती. तिथे गेल्यावर कळले की जिल्हा व तालुका न्यायालयांतल्या बहुतेक संगणकांप्रमाणे याही संगणकावर विंडोजऐवजी उबंटू ही लिनक्स प्रणाली आहे आणि माझ्या पेन ड्राइव्हचा काहीच उपयोग नाही. शेजारच्या सहकाऱ्याने सेटिंगमध्ये शोधून ऑर्का हा उबंटूवरचा स्क्रीन रीडर सुरू करून दिला. तो बोलतो, पण मी कुठे आहे ते मला समजत नाही. इन्सर्ट आणि टी दाबून खिडकीचे नाव ऐकायची सवय आहे, ते येत नाही. इन्सर्ट आणि एन दाबून मेनूही उघडत नाही. वेबपृष्ठावर कधी अक्षरे टाइप होतात, तर कधी तेच अक्षर दाबल्यावर भलत्याच ठिकाणी उडी बसते. रोज सकाळी पासवर्डच्या पडद्यावर संपूर्ण शांतता असते आणि कोणाला तरी हाक मारावी लागते; याचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

खटल्यांची नोंद ब्राउझरमधल्या सीआयएस प्रणालीत करावयाची असते. पत्रव्यवहार लिब्रेऑफिसमध्ये आणि मराठीत असतो. सुरुवात कुठून करावी, याचे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

कळफलक_सोबती

ताई, मी एका महाविद्यालयीन ग्रंथालयात सात वर्षे उबंटूवरच काम करतो आहे. आधी सकाळचा प्रश्न सोडवू, कारण तो सर्वांत सोपा आहे. पासवर्डच्या पडद्यावर ऑल्ट, विंडोजचे चिन्ह असलेली कळ (इथे तिला सुपर म्हणतात) आणि एस या तीन कळा एकत्र दाबा, म्हणजे ऑर्का बोलू लागेल. लॉगिनचा पडदा आपल्या खात्याच्या बाहेर चालतो, म्हणून आपण आपल्या खात्यात ऑर्का कायमचा सुरू ठेवला तरी ती सेटिंग तिथे लागू होत नाही. तरीही आवाज आला नाही, तर यूएसबी हेडफोन लावून पाहा. कार्यालयातल्या कित्येक संगणकांना स्पीकरच जोडलेले नसतात, आणि आपण बिचाऱ्या ऑर्काला दोष देत बसतो. मी स्वतः एक अख्खा दिवस असा घालवला आहे.

आता मुख्य अडचण. आपण एनव्हीडीएचे शॉर्टकट ऑर्कात शोधत आहात, आणि दोघांचीही मुख्य कळ इन्सर्टच असल्यामुळे हा घोटाळा जास्तच वाढतो : कळ ओळखीची, पण तिच्यामागचा अर्थ वेगळा. म्हणून पहिले दोन दिवस कामाला हात न लावता फक्त चार गोष्टी पक्क्या करा. मी कुठे आहे हे विचारण्यासाठी अंकपट्टीवरचा एंटर एकदा दाबा. दोनदा दाबल्यास अधिक तपशील मिळतो. खिडकीचे नाव ऐकायचे असेल, तर इन्सर्टसह तोच एंटर. ऑर्काची स्वतःची सेटिंग इन्सर्ट आणि स्पेसने उघडतात. एनव्हीडीएत हीच जोडी वेबपृष्ठावरची रीत बदलते, त्यामुळे आपल्या हातून ती खिडकी नको तेव्हा वारंवार उघडली जात असणार. चौथी गोष्ट म्हणजे इन्सर्ट आणि एच. त्यानंतर आपण जी कळ दाबाल तिचे काम ऑर्का सांगतो, ते प्रत्यक्ष करत नाही. तिथेच एफ २ दाबल्यास सगळ्या शॉर्टकटची यादी मिळते आणि एस्केपने बाहेर येता येते.

एक गोष्ट मात्र आपल्या बोटांना आधीपासूनच येते. नम लॉक बंद असताना अंकपट्टीवरचे ७, ८ व ९ ओळींसाठी, ४, ५ व ६ शब्दांसाठी आणि १, २ व ३ अक्षरांसाठी आहेत. एनव्हीडीएतही हेच आहे. एखाद्या संदेशापर्यंत टॅबने पोहोचता येत नसेल, तर पडद्यावरचा मजकूर असा चाचपून पाहावा.

वेबपृष्ठावरच्या उड्यांबद्दल : ऑर्कातही वाचनाची आणि भरण्याची अशा दोन रीती आहेत, पण त्या इन्सर्ट आणि ए दाबून बदलतात. वाचनाच्या रीतीत एच दाबल्यास पुढचे शीर्षक, के दाबल्यास दुवा, टी दाबल्यास तक्ता, ई दाबल्यास लिहिण्याची चौकट मिळते. हे सगळे आपल्या सवयीचेच आहे. पृष्ठाच्या विभागांसाठी एनव्हीडीएत डी होता, इथे एम आहे. सीआयएससारख्या लांबलचक अर्जात इन्सर्ट आणि ए लागोपाठ दोनदा दाबा, म्हणजे भरण्याची रीत टिकून राहते आणि दर चौकटीनंतर ती आपोआप बदलत नाही. इन्सर्ट आणि एफ ७ ची यादी इथे नाही. तिच्याऐवजी शीर्षकांसाठी ऑल्ट, शिफ्ट आणि एच, तर दुव्यांसाठी ऑल्ट, शिफ्ट आणि के.

ऑर्का मध्येच गप्प झाला, तर संगणक बंद करू नका. ऑल्ट आणि एफ २ दाबा, इंग्रजीत ऑर्का असे लिहून एक जागा सोडा, पुढे दोन लहान आडव्या रेघा आणि त्यांना जोडून रिप्लेस हा शब्द लिहून एंटर करा. पाच सेकंदांत तो परत येतो.

स्पष्टवक्ता

एवढी कसरत कशासाठी? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी देणे बंधनकारक आहे. आपण लेखी अर्ज करून विंडोजचा संगणक मागावा, हे मला अधिक योग्य वाटते.

कळफलक_सोबती

कलमाबद्दल दुमत नाही. परंतु इतर सगळ्यांचे काम ज्या प्रणालीवर चालते त्याच प्रणालीवर ताईंना काम करता आले, तर संगणक बिघडल्यावर त्यांना शेजारच्या कोणत्याही टेबलावर बसता येईल. अर्ज अवश्य करावा, पण तो चांगले हेडफोन, लागणारे सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी आणि शिकण्यासाठी वेळ मिळावा यासाठी करावा, असे माझे मत आहे.

नवी_रुजू

दोघांचेही आभार. आज सकाळी पासवर्ड मी स्वतः टाकला. शेजारचे सहकारी सवयीने उठून आले आणि तसेच परत गेले.

आता मराठीचा प्रश्न. लिब्रेऑफिसमध्ये मराठी पत्र उघडले की ऑर्का ते हिंदी धाटणीने वाचतो. काही जुन्या फाइली तर निव्वळ इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असल्यासारख्या ऐकू येतात. स्कॅन केलेली कागदपत्रे अजिबात बोलत नाहीत.

देवनागरी_प्रेमी

हे तीन वेगळे आजार आहेत, म्हणून तीन वेगळी औषधे सांगतो.

ऑर्काच्या सेटिंगमध्ये व्हॉइस या पानावर जाऊन ईस्पीक एनजी हे संश्लेषक (मजकुराचा आवाज तयार करणारे सॉफ्टवेअर) आणि त्यात मराठी भाषा निवडा. एनव्हीडीएबरोबर येणारे ईस्पीक ते हेच, त्यामुळे आवाज ओळखीचा वाटेल. हा आवाज गोड नाही, परंतु वेग वाढवला तरी शब्द गिळत नाही, आणि दिवसभर कागदपत्रे ऐकणाऱ्याला तेवढे पुरे असते. मी ऑर्कात दोन प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचे दोन संच, करून ठेवली आहेत, एक मराठीचे आणि एक इंग्रजीचे. पुढच्या प्रोफाइलवर जाण्याची आज्ञा ऑर्कात असते, मात्र तिला मुळात कोणतीही कळ जोडलेली नसते. की बाइंडिंग्जच्या पानावर जाऊन आपल्याला सोयीची कळ तिला द्यावी लागते.

जुन्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, नाहीत. पूर्वीचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत असत. डोळ्यांना तिथे 'न्यायालय' दिसते, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचाच पसारा साठवलेला असतो आणि स्क्रीन रीडर फाइलमधले वाचतो. यात ऑर्काचा दोष नाही. विंडोजवर एनव्हीडीएनेही हेच वाचले असते. अशा फाइली त्या त्या फाँटसाठी असलेल्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात आणि नंतर जोडाक्षरे तपासावी लागतात, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी. आपण स्वतः लिहिताना इन्स्क्रिप्ट कळफलक वापरा. सुपर आणि स्पेस दाबून मराठी व इंग्रजी कळफलक बदलतो.

स्कॅनबद्दल : एनव्हीडीएत इन्सर्ट आणि आर दाबल्यावर विंडोजची अक्षरओळख चालते, ऑर्कात तशी सोय अंगभूत नाही. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठीसाठी उपलब्ध आहे, मात्र ते बसवायला प्रशासकाचा पासवर्ड लागतो. छापील मजकूर ते बऱ्यापैकी ओळखते. हस्तलिखित अर्ज आणि शिक्क्याखाली गेलेल्या ओळी यांच्यासाठी मात्र अजून माणसाचे डोळेच लागतात.

नवी_रुजू

मराठी आवाज लागला. टेसरॅक्ट बसवून मिळावे यासाठी उद्या कार्यालयाकडे अर्ज देणार आहे. एकच शंका उरली : घरी लॅपटॉपवर सराव करायचा आहे, पण त्याला अंकपट्टीच नाही.

कळफलक_सोबती

ऑर्काच्या सेटिंगमध्ये पहिल्याच पानावर कळफलकाची मांडणी डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप अशी करा. मग इन्सर्टचे काम कॅप्स लॉक करील आणि 'मी कुठे आहे' हे कॅप्स लॉक व साध्या एंटरने विचारता येईल. वेबपृष्ठावरची एकेरी अक्षरे तीच राहतात. मात्र कार्यालयात आणि घरी मांडणी वेगवेगळी राहिली, तर पहिले काही दिवस बोटे चुकतील. म्हणून शक्य असल्यास एक यूएसबी कळफलक घेऊन दोन्हीकडे डेस्कटॉपचीच मांडणी ठेवा.