मदत हवी आहे: एंडगेमच्या शेवटी म्हातारा स्टीव्ह त्या बाकावर आला कुठून?

(रहस्यभेद आहे. ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा. २०१९ चा सिनेमा आहे, तरी सांगून ठेवलेलं बरं.)

भाच्याने प्रश्न विचारला आणि मामाची बोलती बंद झाली, म्हणून हा धागा.

ब्रूस बॅनर (हल्क) मध्यावर स्वच्छ सांगतो की भूतकाळात जाऊन काहीही केलं तरी आपला वर्तमान बदलत नाही. सिनेमा तसा वागतोही. २०२३ ची नेब्युला (खलनायक थॅनोसची मानलेली मुलगी) २०१४ च्या नेब्युलाला गोळी घालते आणि स्वतः ठणठणीत उभी राहते. इथपर्यंत सगळं पटलं.

मग शेवट. स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) भूतकाळातून आणलेले इन्फिनिटी स्टोन, म्हणजे अफाट शक्तीचे खडे, परत ठेवायला जातो, बॅनर पाच सेकंद मोजतो, कालप्रवासाच्या प्लॅटफॉर्मवर कोणीच येत नाही. आणि जरा पलीकडे तळ्याकाठी बाकावर पाठमोरा म्हातारा! महायुद्धाच्या काळातल्या प्रेयसीबरोबर, पेगीबरोबर, संसार करून आलेला. आता तो भूतकाळात राहिला म्हणजे वेगळी टाइमलाइन झाली ना? मग तिकडचा माणूस इकडच्या बाकावर कसा? आणि इकडेच राहिला म्हणाल, तर एक स्टीव्ह महायुद्धापासून बर्फात गोठलेला आणि दुसरा पिशवी घेऊन भाजी आणायला निघालेला, असं इतकी वर्षं चाललं होतं की काय?

भाचा म्हणतो, स्टोन जागेवर ठेवले की बाकीच्या टाइमलाइन पुसल्या जातात, त्यामुळे प्रश्नच मिटला. मला काही हे पटत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भुईनळा:
भाच्याचं निम्मं बरोबर. गच्चीवर एन्शंट वन (टाइम स्टोनची राखणदार जादूगार) आणि बॅनरचं बोलणं होतं तो प्रसंग परत बघा. तिची काळजी एवढीच की स्टोन गेला तर तिचं जग उघडं पडेल. ज्या क्षणी उचलला त्याच क्षणी परत ठेवला की ते संकट टळतं. पण बाकीच्या उचापती थोड्याच पुसल्या जातात? २०१२ चा लोकी टेसरॅक्ट (आत स्पेस स्टोन असलेला निळा ठोकळा) घेऊन पसार झाला तो झालाच. २०१४ चा थॅनोस इकडे येऊन राख झाला, म्हणजे त्याच्या मूळ जगात आता थॅनोसच नाही.

रिकामटेकडा:
गंमत म्हणजे करणाऱ्यांचंच एकमत नाही. दिग्दर्शक रूसो बंधू म्हणतात, स्टीव्ह वेगळ्या टाइमलाइनमध्ये जगला आणि आपली ढाल मित्र सॅमला द्यायला परत आला. लेखक मार्कस आणि मॅकफीली म्हणतात, तो याच टाइमलाइनमध्ये होता, पेगीचा नवरा पहिल्यापासून तोच. ‘द विंटर सोल्जर’मध्ये संग्रहालयातल्या जुन्या चित्रफितीत पेगी सांगते की स्टीव्हने वाचवलेल्या सैनिकांत तिचा पुढे होणारा नवराही होता. नवऱ्याचं नाव काही घेत नाही. लेखकांना तेवढी फट पुरली.

भुईनळा:
लेखकांचं मला अजिबात पटत नाही. त्याच सिनेमात अंथरुणाला खिळलेली पेगी स्टीव्हला बघून रडते, तू जिवंत आहेस म्हणते. स्मृती गेली होती हे मान्य. पण नवरा घरातच असता तर तिच्या मनात नेमकी त्याच्या हरवण्याचीच जखम ताजी राहिली असती का?

आणि ढालीकडे कोणी बघतच नाही. शेवटच्या लढाईत थॅनोसने ढालीचे तुकडे केले. बाकावरचा म्हातारा सॅमला देतो ती अखंड आहे. या टाइमलाइनमधली मोडली, मग ही आली कुठून? दुसरीकडूनच. माझं मत रूसोंना.

धागाकर्ता:
ढाल लक्षातच आली नव्हती, वा! पण एक शंका उरतेच. दुसरीकडून आला तर प्लॅटफॉर्मवर उतरायला हवा होता. बाकावर कसा?

रिकामटेकडा:
न्यूयॉर्कचा बेत फसल्यावर टोनी आणि स्टीव्ह २०१२ मधून थेट १९७० च्या लष्करी तळावर जातात. तिथे कुठला प्लॅटफॉर्म होता? मनगटावरचं यंत्र आणि पिम पार्टिकल (कालप्रवासाला लागणारे कण), बस. आता २०२३ मध्ये परतताना मात्र सगळे प्लॅटफॉर्मवरच उतरलेले दिसतात, तेव्हा तुमची शंका अगदीच चुकीची नाही. माझा अंदाज, म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर उतरायचंच नव्हतं, म्हणून आधीच येऊन बसला. बकीला, स्टीव्हच्या जुन्या मित्राला, हे ठाऊक असावं. निघताना तो स्टीव्हला ‘तुझी आठवण येईल’ म्हणतो. पाच सेकंदांसाठी जाणाऱ्याला कोणी असं म्हणतं का?

धागाकर्ता:
हे पटलं. भाच्याला ढाल दाखवली, आता तो रूसोंच्या बाजूने आहे. पण लगेच पुढचा प्रश्न: सोल स्टोन परत ठेवायला स्टीव्ह वोर्मीरवर गेला असणार, आणि तिथला राखणदार तर रेड स्कल, त्याचा महायुद्धातला वैरी. ही भेट दाखवलीच नाही! यावर कोणी काही वाचलंय का?