उपकर हवा, पण रिकाम्या घरांवर

परवडणाऱ्या घरांसाठी इंदूरच्या संपत्ती करावर, म्हणजे घरपट्टीवर, नवा उपकर बसवावा, ही सूचना मला तत्त्वतः मान्य आहे. मात्र आपल्या बिलात समेकित कर (सफाई, दिवाबत्ती, अग्निशमन यांचा एकत्रित कर), शिक्षण उपकर आणि नगरीय विकास उपकर आधीच असतात, आणि रामबागेतल्या जुन्या घरात राहणारे निवृत्त गृहस्थ व बायपासलगत सदनिका रिकाम्या ठेवून भाववाढीची वाट पाहणारा गुंतवणूकदार यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य ठरणार नाही. मालक स्वतः राहत असल्यास मध्य प्रदेशात संपत्ती करात सवलत मिळतेच. तेच तत्त्व पुढे नेऊन उपकर केवळ रिकाम्या घरांवर लावावा.

शिवाय दुर्बल घटकांसाठी घरे न बांधणाऱ्या वसाहतकारांकडून (नव्या वसाहती उभारणाऱ्या विकासकांकडून) आश्रय शुल्क घेण्याची तरतूद आहे. त्या पैशाचा हिशेब आधी मांडला जावा, नंतर नव्या कराची भाषा.

शहराच्या कडेला असलेल्या कनाडियाच्या लाइट हाउस प्रकल्पाची, म्हणजे केंद्र सरकारच्या नव्या तंत्राने घरे बांधण्याच्या योजनेची, पायाभरणी जानेवारी २०२१ मध्ये झाली आणि त्यात १,०२४ घरे योजली गेली, हे स्वागतार्हच. परंतु शहराच्या मध्यभागी राजवाड्याभोवती धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिथून रोज येण्याजाण्यास लागणारे भाडे कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. उपकरातून पहिली खरेदी करावी ती शहराच्या आतल्या जमिनीची.